तुरीतली होडी

वैष्णवी आणि ओमचा कोकणात जायचा बेत ठरत होता. गच्चीवर सतरंजी टाकलेली, मधे मोबाईल, मोबाईलवर कुठल्याशा खाडीचा नकाशा. खारफुटीच्या जंगलातून होडीनं फिरायचं, पक्षी पाहायचे. होडी कोणाची, भरती किती वाजता, दुर्बीण कोणाकडून मागून आणायची, असं बराच वेळ चाललं होतं. जेवणं आटोपली होती, लाईट गेली होती. वैष्णवीचे मोठे काका बाबाराव, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, कठड्याला टेकून सुपारी कातरत बसले होते. ते सगळं ऐकत होते.

मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "जा ना. जरूर जा. पण माह्या शेजारच्या राठोड सराची गोष्ट ऐकून घ्या, मंग जा. ऐकीव नाही बरं. त्यानं सोता माह्या ओसरीवर बसून सांगितली."

ओमनं मोबाईल पालथा घातला. अंधार एकदम जवळ आला.

बाबारावांनी सांगितलं ते असं.

सुनील राठोड पुसदला एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. तांड्यातून शिकून वर आलेला माणूस, वागायला सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नाद एकच, पाखरांचा. रविवारी पहाटे धरणाच्या मागच्या पाण्यावर जाऊन बसायचं. सोबतीला प्रफुल्ल खडसे, मेडिकलवाला. दोघांच्या बायका हसायच्या, पण थर्मासमध्ये चहा भरून द्यायच्या. सुनीलचं घर गावाबाहेर नव्या लेआउटमध्ये. ओळीत चार घरं, शेवटचं त्याचं. फाटकासमोर कच्चा रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे तुरीचं वावर. थेट नाल्यापर्यंत दुसरं काही नाही. हिवाळ्यात तूर डोक्याच्या वर जायची, तेव्हा रात्री फाटकात उभं राहिलं की समोर काळी भिंत.

२०२३ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. एका संध्याकाळी सुनील स्कूटर काढून झेरॉक्सच्या दुकानात गेला. मोबाईलवरून एक कागद छापून घ्यायचा होता, भरती-ओहोटीचं वेळापत्रक. दुकानदारानं कागद मशीनमधून काढला आणि वाचून हसायला लागला.

"सर, समुद्राचं पाणी किती वाजता येते हे तुमाले कायले पाह्यजे? इथं नळाले कवा येते ते छापून द्या लोकायले."

सुनीलही हसला. कोकणात जायचं ठरलं होतं. तो, त्याची बायको राखी, प्रफुल्ल आणि प्रफुल्लची बायको. एक निळा खंड्या असतो, गळ्यात पांढरा पट्टा असलेला. आपल्याकडे शेततळ्यावर दिसतो तो नव्हे. हा खारफुटी सोडून बाहेर पडत नाही. तो पाहायचा होता. तिथलं एक गणित आहे. खाडीच्या आतल्या चिंचोळ्या वाटांमध्ये भरतीलाच होडी शिरते, आणि पाखरं तर ओहोटीला चिखलावर उतरतात. म्हणून रात्रीच्या भरतीला होडीनं पलीकडे जायचं, होडीवाल्याच्या घरी झोपायचं आणि सकाळी ओहोटी लागली की दुर्बीण काढायची.

"होडीवाला कोठून आणाचा?" प्रफुल्लनं विचारलं होतं.

"आहे माझ्याकडे एक नंबर," सुनील म्हणाला होता.

नंबर चार वर्षांपूर्वीचा होता. भिवा तारी नावाचा म्हातारा नावाडी. २०१९ साली सुनीलनं कॉलेजातल्या तीन मित्रांसोबत जायला त्याची होडी ठरवली होती. ते जाणं काही झालं नाही. का झालं नाही, हे सुनीलनं कोणालाच सांगितलं नव्हतं. राखीलाही नाही. त्या गावाचं नाव मीही सांगत नाही. तिथं भिवाच्या घरची माणसं राहतात.

त्या रात्री जेवण झाल्यावर सुनीलनं फोन लावला. मनात धाकधूक होती, म्हातारा शिव्या देईल म्हणून. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. पलीकडून बसका आवाज आला.

"निघालात काय, सर?"

सुनील गडबडला. "तात्या, मी पुसदचा राठोड. ओळखलं का?"

"वळाखलंय."

"पुढच्या महिन्यात यायचं म्हणतो. चार जण."

पलीकडून लाकडावर पाणी आपटावं तसा आवाज येत होता. म्हातारा होडीतच बसला असणार, सुनीलला वाटलं.

"अमावशेक येवा," आवाज म्हणाला. "सव्वाअकराक भरती पुरी लागता. धक्क्यार उभे रवा. मी येतंय."

"थोडे पैसे पाठवू का आधी?"

"पैशे नको. शब्द देवा."

"दिला," सुनील म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं. म्हातारा मागचं विसरलेला दिसत होता, नाहीतर मनाचा मोठा होता. त्यानं कॅलेंडर पाहिलं. कार्तिकातली अमावस्या १२ डिसेंबरला, मंगळवारी येत होती. त्याच दिवसाभोवती चौघांनी सगळा बेत बसवला. रजेचे अर्ज दिले, गाडीची तिकिटं काढली, राखीनं शेव-चिवड्याचे डबे भरायला घेतले.

आठ दिवस आधी सुनीलनं पुन्हा फोन केला. बायका सोबत आहेत, झोपायची सोय कशी, एवढंच विचारायचं होतं. या खेपेला रिंग वाजलीच नाही. नंबर दाबला आणि आवाज आला.

"निघालात काय, सर?"

"तात्या, अजून आठ दिवस आहेत ना."

"थंडी आसा. अंगार घेवक जाडसा काय तरी घेवन येवा." मग थांबून, "हय भिजलला सुकणा नाय."

सुनीलनं फोन ठेवला तेव्हा त्याचा तळहात ओला झाला होता. घाम असेल, असं म्हणून त्यानं तो पँटला पुसला.

दुसऱ्या दिवशी तो प्रफुल्लच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत प्रफुल्ल त्याच्याकडे बघून मान हलवत राहिला.

"सर, आपलं काही खरं नाही. तुमचा भिवा तारी गेला ना."

"कुठं गेला?"

"वारला म्हणतो. मी सहज त्या गावात राह्याची सोय पाहून राह्यलो होतो. इंटरनेटवर एक नंबर भेटला, बाई बोलली. तं ते त्याचीच सून निघाली. मी म्हटलं आमी भिवातात्याची होडी ठरवली. बाई म्हणते, मामंजी जाऊन चार वर्षं झाली."

सुनीलनं काउंटरला हात टेकला.

"कसा?"

"पाण्यात. अमावस्येची रात्र होती म्हणे. तिकडची भरती, तुमालेच माहीत. आपल्याच इकडचे कोणी सर येणार होते पाखरं पाह्याले. हा धक्क्यावर वाट पाहून राह्यला. तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. मंग सुनेले म्हणे, इदर्भातली माणसं हायेत, त्यायले पाणी माहीत नाही, भलत्याच धक्क्यावर उतरली असतील अंधारात, पाहून येतो. होडी घेऊन गेला. सकाळी होडी भेटली. उलटी. चौथ्या दिवशी तो भेटला. फोन तं त्याच्यासंगच गेला, कवाच सापडला नाही." प्रफुल्लनं शटरबाहेर पाहिलं. "अन् ते सर, सर कुठले, भामटे! आले नाहीत ते नाहीत, पण येत नाही असा एक फोन तं कराव ना माणसानं!"

सुनीलनं काउंटरवरचा हात काढून घेतला.

त्याला सगळं आठवत होतं. २०१९, नोव्हेंबरची २६ तारीख. चौघं गाडीनं निघाले होते. कोल्हापूरला पोचायला संध्याकाळ झाली, जेवणं तब्येतीत झाली आणि कोणालाच पुढं घाट उतरायचा कंटाळा आला. लॉजवर राहू, उद्या पाहू. तात्याला फोन करायचा होता. करतो करतो म्हणत त्यानं मोबाईल सायलेंट करून उशाशी ठेवला. सकाळी उठून पाहिलं तर तीन मिस्ड कॉल. पहिला अकरा वीसचा. शेवटचा एकला पाच कमी असतानाचा. त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून त्यानं परत फोन केला नाही. नंतर कोरोना आला, आणि विसरायला बरं झालं.

प्रफुल्लनं तेव्हाच काउंटरवरून तो नंबर लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई तीन भाषांत सांगत राहिली.

"तुमी कोणाशी बोललेत सर मंग?"

"चुकीचा नंबर लागला असेल," सुनील म्हणाला.

घरी येऊन त्यानं राखीला सांगितलं, रजा मंजूर झाली नाही. तिकिटं रद्द केली. राखीनं डबे तसेच फडताळात ठेवले. सुनीलनं मोबाईलमधून तो नंबर पुसून टाकला. कळवायचं कोणाला? मेलेल्या माणसाला येत नाही म्हणून कोणी फोन करतं का?

मंगळवार उजाडला तसा मावळला. कार्तिक अमावस्या. थंडी सपाटून पडली होती. राखी दहालाच झोपली. सुनील समोरच्या खोलीत पेपर तपासत बसला. त्या रात्री मी घरीच होतो, दोन घरं सोडून. मला काही ऐकू आलं नाही. एवढंच आठवतं, की आमच्या गल्लीतलं कुत्रं रोज भुंकून जीव खायचं, त्या रात्री ते आमच्या जिन्याखाली येऊन घुसलं आणि काठीनं ढोसलं तरी बाहेर निघेना.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सुनीलचा मोबाईल उजळला. वाजला नाही, तो सायलेंटवर होता. नुसता टीपॉयवर उजळला आणि थरथरत राहिला. पडद्यावर नाव होतं. तारी होडी.

त्यानं ते पुसलं होतं.

मोबाईल थरथरून विझला. पुन्हा उजळला. सुनील खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत होता. हात पुढं जाईना. विझला. तिसऱ्यांदा उजळला तेव्हा दारात राखी उभी होती.

"कोनाचा फोन हाय? काहून उचलून नाही राह्यले?"

फोन विझला. मग त्यानं तिला सांगितलं. कोल्हापूर सांगितलं, तीन मिस्ड कॉल सांगितले, प्रफुल्लनं सांगितलेलं सांगितलं. राखी भिंतीला टेकून ऐकत होती.

"तुमी त्यायले तवा कळवलंच नाही?"

"नाही."

"अन् आता? आता तं शब्द दिला होता ना तुमी?"

"आता... आताही नाही."

राखी बोलायला गेली, आणि थांबली. तिनं हुंगून पाहिलं. खोलीत वास येत होता. चिखलाचा. नाल्याचा नाही, गटाराचा नाही. खारट, माशाळ, जुन्या कुजक्या पाल्याचा.

मग बाहेरून आवाज आला.

छप...

राखीनं दाराकडे पाहिलं.

छप... आणि मागोमाग लाकूड करकरल्याचा.

नाल्याला त्या दिवसांत पाणी नव्हतं. वावराला कोणी पाणी सोडलं नव्हतं. सुनील उठला. दार त्यानं उघडलं की उघडंच होतं, हे त्याला आजही सांगता येत नाही. दोघं ओसरीवर आले. रस्त्यावरचा दिवा जळत होता. त्याच्या पलीकडे तूर उभी होती. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं.

आणि लांब, नाल्याच्या बाजूला, तुरीचे शेंडे बाजूला होत होते.

एका सरळ रेषेत. आधी तिथले. मग अलीकडचे. कोणी मधून येत असल्यासारखे. वाळत आलेल्या शेंगांची तूर, नुसता धक्का लागला तरी खुळखुळते. ती खुळखुळत नव्हती. पाण्याखाली गवत वाकावं तशी वाकत होती आणि मागून पुन्हा सरळ होत होती.

छप... छप...

"याडीऽ ये," आईला मारायची तांड्यातली हाक सुनीलच्या तोंडून निघाली.

रेष वावराच्या कडेला आली. थांबली. शेवटची दोन झाडं बाजूला झाली आणि तशीच राहिली. मधे काही नव्हतं. अंधार होता, आणि तो दिव्याच्या उजेडानंही हटत नव्हता.

मग आवाज आला. फोनवरचाच. बसका. दमलेला.

"सर... निघालात काय?"

सुनीलला वाटलं आपण ओसरीवर उभे आहोत. तो फाटकाशी होता. पायऱ्या केव्हा उतरला, कळलं नाही. कडी त्याच्या हातात होती. कडी निघालेली होती. घोट्यापर्यंत पाणी होतं. थंड. त्यानं खाली पाहिलं. जमीन कोरडी होती... पण पाय भिजत होते. पाणी चढत होतं. पोटऱ्या. गुडघे.

आणि त्याला जावंसं वाटत होतं. हेच त्यानं मला खालच्या आवाजात सांगितलं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त जावंसं वाटत होतं. इतका वेळ थांबलाय तो... चार वर्षं थांबलाय. एक पाऊल तर आहे.

मागून राखीनं त्याचा दंड धरला. दोन्ही हातांनी.

"सांगा त्यायले," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "येत नाही म्हनून सांगा."

त्यानं तोंड उघडलं.

"सर?" तुरीतून आवाज आला. "खंय आसात तुमी?"

"सांगा नं!"

"तात्या..."

सगळं थांबलं. करकर थांबली.

"तात्या, आमी येत नाही." सुनील बोलला आणि मग त्याला थांबता येईना. "आमी तवाही आलो नाही. आमी वाट नव्हतो चुकलो, तात्या... कोल्हापूरले झोपलो होतो. तुमाले कळवलं नाही. मले लाज वाटली. तुमी... तुमी आमाले शोधू नका. घरी जा. वाट नका पाहू आता."



किती वेळ उत्तर आलं नाही, ते दोघांनाही माहीत नाही. पाणी कमरेला होतं. राखीच्याही. तिला ते लागत होतं, आणि तिनं हात सोडला नाही.

मग अंधारातून कोणीतरी श्वास सोडला.

"बरां," तो म्हणाला.

एवढंच. छप... लाकूड करकरलं. तुरीचे शेंडे उलट्या बाजूनं वाकू लागले. आधी इथले. मग पुढचे. मग नाल्याकडचे. मग कुठलेच नाहीत. पाणी पायांवरून उतरत गेलं, पोटऱ्यांवरून, घोट्यांवरून. आमच्या जिन्याखालचं कुत्रं भुंकायला लागलं, ते मी ऐकलं. घड्याळात एकला पाच मिनिटं कमी होती.

सकाळी सुनील वावरात शिरला. तूर जशीच्या तशी होती. फांदी मोडलेली नाही, शेंग गळालेली नाही. दोन झाडांमध्ये कोळ्यांची जाळी होती, त्यांवर दव होतं. एकही जाळं तुटलेलं नव्हतं.

त्यानं प्रफुल्लला सगळं सांगितलं. प्रफुल्ल महिनाभर त्याच्याशी बोलला नाही, मग बोलायला लागला. जानेवारीत सुनील आणि राखी त्या गावाला जाऊन आले. होडीत बसले नाहीत. भिवा तारीच्या सुनेच्या दारात उभं राहून सुनील म्हणाला, ते सर मीच. ती बाई त्याच्याकडे बघत राहिली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. ही दोघं उन्हात उभीच. मग ती दोन कप घेऊन आली आणि म्हणाली, "इतक्या लांबसून सांगूक आयलात. च्या घेवन जावा." दुसरं काही नाही. चहा पिऊन ती दोघं परतली. सुनील रडला तो एसटीत.

एक सांगायचं राहिलं.

त्या बुधवारी सकाळी, वावर पाहून परत येताना, सुनीलला फाटकाच्या आत काळ्या मातीत एक हिरवी काडी रोवलेली दिसली. दीड वीत लांब, सरळ, शेवग्याच्या शेंगेसारखी. रात्री ती तिथं नव्हती. तो जीवशास्त्राचा माणूस, त्यानं लगेच ओळखली. कांदळाची शेंग. खारफुटीतलं झाड. ही शेंग झाडावरून पडते, भरतीबरोबर वाहत जाते आणि पाणी ओसरलं की चिखलात उभी रुतते. खाडीच्या खाऱ्या पाण्याशिवाय ती आठ दिवसही काढणार नाही, असं तोच म्हणाला. उपटायला म्हणून त्यानं दोनदा हात घातला, दोनदा मागं घेतला.

आता दोन वर्षं झाली. चार पानं आहेत तिला, जाड, चकचकीत. मागच्या मे महिन्यात आमच्या इथं रानातलं गवतसुद्धा जळालं, ती जळाली नाही. सुनील तिला पाणी घालत नाही. राखी घालत नाही. मी रोज सकाळी फिरायला जाताना पाहतो, बुडाशी माती भेगाळलेली असते.

फक्त अमावस्येच्या सकाळी तेवढीच वीतभर माती ओली असते.